मनाशी बोलणारी पुस्तकं

"बाई, एखादं चांगलं पुस्तक सांगा की. मन जरा शांत होईल असं."

शाळेतून निवृत्त झाले तरी हे मागणं काही थांबलेलं नाही. महाद्वार रोडवर खरेदीला गेले तर जुनी विद्यार्थिनी गाठते, रंकाळ्यावर संध्याकाळी फिरताना एखाद्याची आई थांबवते. कोल्हापूर तसं गप्पिष्ट गाव. पण मनाचं दुखणं सांगायचं म्हटलं की इथली माणसंही आडून बोलतात. "डोक्याला लई ताप झालाय" एवढंच म्हणतात आणि विषय बदलतात. पुस्तक मागणं हीसुद्धा आडून सांगायचीच एक रीत आहे, असं मला वाटतं. म्हणून मी लगेच नाव सांगत नाही. झोप लागते का, जेवण जातं का, घरात कुणाशी बोलणं होतं का, हे आधी विचारते. माणूस गेलंय, पैसा बुडालाय, भावाभावांत फाटलंय, की काहीच झालेलं नसताना सकाळी अंथरूण सोडवत नाही? या चौघांना एकच पुस्तक कसं चालेल?

मध्यंतरी कॉलेजमधली एक मुलगी आली. स्पर्धा परीक्षेत दोनदा अपयश आलेली. यशाची, श्रीमंतीची, सकारात्मकतेची गाजलेली पुस्तकं तिनं ओळीनं संपवली होती. "मी सगळी वाचलो बाई," आपल्याकडच्या मुलींच्या रीतीनं ती म्हणाली, "पण पुस्तक मिटलं की पुन्हा तसंच. वर आणि असं वाटतंय की माझ्यातच कायतरी खोट आहे." तिच्या शेवटच्या वाक्यानं मला दिवसभर सोडलं नाही. वाचून माणसाला बळ यायला हवं. हिच्या पदरात तर आणखी एक दोष पडला होता.

सवयी लावण्याची, वेळ पाळण्याची, कामाला शिस्त आणण्याची पुस्तकं वाईट असतात असं मी म्हणणार नाही. डेल कार्नेगींचं काळजी सोडून जगायला शिकवणारं पुस्तक 1948 सालचं, जेम्स क्लिअर यांचं सवयींवरचं 2018 सालचं. दोन्हींत व्यवहाराच्या चार गोष्टी आहेत. अभ्यासाला बसवत नसेल, मोबाइल हातातून सुटत नसेल, तर खुशाल वाचावीत. पण दुःख ही काही मोडायची सवय नव्हे, आणि घरात माणूस गेलेल्याला दिवसाचं वेळापत्रक देऊन भागत नाही.

माझा खरा विरोध आहे तो वेगळ्याच पुस्तकांना. तुमच्या आयुष्यात जे जे आलं ते तुमच्याच विचारांनी ओढून आणलं, असं सांगणारी पुस्तकं. ऐकायला हे फार गोड वाटतं, कारण यश आलं की त्याचं श्रेय आपलं. पण हेच वाक्य आजारी माणसाच्या उशाशी नेऊन बघा. माझ्या ओळखीच्या एका बाईला छातीचा कर्करोग झाला. उपचार चालू होते, शरीर थकलेलं होतं, आणि कुणीतरी भल्या मनानं तिला असंच एक पुस्तक दिलं. मनात दाबून ठेवलेल्या रागातून अशी दुखणी येतात, असं त्यात लिहिलेलं. मग त्या बाईनं रात्र रात्र जागून आपल्या मनात राग शोधला. सासूचा, जावेचा, लहानपणी वडिलांनी शाळा सोडायला लावली त्याचा. केमोथेरपीनं तोंडाला फोड आलेले, पाणी गिळवत नाही, आणि ही स्वतःवरच खटला चालवत बसलेली. मी ते पुस्तक तिच्या उशाखालून काढून घेतलं आणि परत दिलं नाही. तसं करताना मला जराही संकोच वाटला नाही.

तेव्हापासून पुस्तक सुचवताना मी एक गोष्ट नक्की बघते: हे कोण कुणाशी बोलतंय? जी पुस्तकं शेकडो वर्षं माणसांच्या कामी आली, त्यांतल्या कितीतरींत लिहिणारा मुळी आपल्याशी बोलतच नाही. तो स्वतःच्या मनाशी बोलतो आणि आपल्याला शेजारी बसून ऐकू देतो.

मनाचे श्लोकच घ्या. लहानपणी पाठ केले म्हणून आपण ते शाळेच्या खात्यात टाकून मोकळे झालो. भुजंगप्रयातातले 205 श्लोक, आणि समर्थांची हाक आहे ती मनाला. कधी सज्जना म्हणून गोंजारतात, कधी दटावतात. 'जनीं सर्व सूखी असा कोण आहे, विचारें मना तूंचि शोधूनि पाहें' ही ओळ दुःखातल्या माणसाला लगेच पटते. पण त्याच श्लोकाच्या पुढच्या ओळी आहेत: 'मना त्वांचि रे पूर्वसंचीत केलें, तयासारिखें भोगणें प्राप्त झालें.' मग हाही दोष देणंच झालं की नाही? हा प्रश्न मला एका विद्यार्थ्यानं भर वर्गात विचारला होता आणि तो रास्त होता. मला जे उमगलं ते असं: समर्थ हे स्वतःच्या मनाला सांगतात. स्वतःला सांगितलेलं कडक वाक्य माणसाला सावरतं. तेच वाक्य शेजाऱ्याच्या दारात जाऊन, त्याच्याकडे बोट दाखवून म्हटलं की त्याचा दगड होतो. म्हणून ताज्या दुःखातल्या माणसाला मी या श्लोकाच्या पहिल्या दोनच ओळी देते. पुढच्या दोन त्याच्या त्याला सापडल्या तर सापडोत.

तुकोबांच्या बाबतीत हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

2019 च्या ऑगस्टमधला महापूर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांना धोक्याची पातळी, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं, पावसाळ्यात सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न "किती फूट?" त्या वर्षी पाणी ती खूण ओलांडून कितीतरी वर गेलं आणि शहरात दिवसेंदिवस मुक्कामाला राहिलं. गणपती तोंडावर आलेले. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत मूर्ती तयार होऊन उभ्या होत्या. पाणी ओसरल्यावर मी एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेले, त्याचा घरचाच मूर्तींचा धंदा. शाडूच्या मूर्ती जागच्या जागी विरघळून खाली चिखलाचे ढीग झाले होते, त्यांतून आतला काथ्या वर आलेला. प्लास्टरच्या मूर्ती उभ्या होत्या, पण सोंडेपर्यंत चिखलाची रेघ आणि वर रंगाचे पापुद्रे सुटलेले. एका मोठ्या मूर्तीचे डोळे नुकतेच आखून झाले असावेत; तेवढे मात्र पाण्याच्या वर राहिले होते, स्वच्छ. तो खराट्यानं चिखल ढकलत होता. मदतीला आलेल्यांपैकी एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "जे होतं ते बऱ्यासाठीच होतं बाबा. तुकाराम महाराजच म्हणून गेलेत, बरे झाले देवा निघाले दिवाळे." त्यानं वर बघितलं नाही. खराटा तेवढा जोरात चालू लागला.

ते गृहस्थ मनानं चांगलेच होते, आणि ओळही तुकोबांचीच आहे. 'बरें झालें देवा निघालें दिवाळें, बरी या दुष्काळें पीडा केली.' पण तुकोबांनी हे कुणाबद्दल म्हटलं? स्वतःबद्दल. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचा धंदा बुडाला, पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. त्यांनी हे सगळं आधी भोगलं आणि मग विठ्ठलासमोर उभं राहून 'बरे झाले' म्हटलं. तो त्यांचा हक्क होता. दुसऱ्याच्या दिवाळ्याला 'बरे झाले' म्हणण्याचा हक्क तुकोबांनी कुणालाच दिलेला नाही.

त्याच गाथेत दुसरी ओळ आहे: 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान, स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली.' यात समजूत नाही, उपदेश नाही, देवाचे आभारही नाहीत. जे झालं ते जसंच्या तसं. पुराच्या पुढच्या उन्हाळ्यात तो मूर्तींचा धंदा असलेला विद्यार्थी माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला हा अभंग वाचून दाखवला. तो म्हणाला, "म्हंजे द्रव्य पण गेलं आणि मान पण. बाई, मान जास्त लागतो ओ. ज्यांच्याकडनं ॲडव्हान्स घेतलेलं, त्यांच्यासमोर उभं राहवत नव्हतं मला." पैशाची गोष्ट तो सगळ्यांशी बोलला होता, मानाची पहिल्यांदाच. गाथा तो घेऊन गेला. रोज वाचतो की नाही मला माहीत नाही, मी विचारतही नाही.

दुःखात पहिलं काम बोलू देण्याचं असतं, हे गीतेतही आहे आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं. पहिल्या अध्यायाचं नावच अर्जुनविषादयोग. हात थरथरतात, अंगाची आग होते, गांडीव गळून पडतं, हे सगळं अर्जुन सांगत राहतो. या अख्ख्या अध्यायात श्रीकृष्णाच्या तोंडी एकच बोल आहे: पार्था, हे जमलेले कौरव बघ. बाकी तो गप्प. अठरा अध्यायांचं बोलणं ज्याच्यापाशी होतं, त्यानं एक पूर्ण अध्याय नुसतं ऐकून घेतलं. आपण मात्र समोरच्याचं पहिलं वाक्य संपायच्या आत उपाय सांगायला लागतो.

गीतेकडे जायला सर्वांत सोपी वाट मला विनोबांची वाटते. 'गीता प्रवचने' मी जितक्या लोकांना दिलं तितकं दुसरं कुठलंच पुस्तक दिलं नसेल. धुळ्याचा तुरुंग, 1932 साल. 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत, दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार विनोबा सोबतच्या कैद्यांपुढे बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. ऐकणारे सगळे भिंतींच्या आत अडकलेले, म्हणून या बोलण्यात कुठेही पांडित्याचा तोरा नाही. आईच्या दुधापेक्षाही आपलं मन गीतेवर अधिक पोसलं आहे, असं विनोबा सुरुवातीलाच सांगतात, आणि पुढे सारं बोलणं त्याच घरगुती सुरात चालतं. गीताईही आईपायीच झाली. आईला संस्कृत कळेना, ती मुलाला म्हणाली, तूच का करत नाहीस मराठीत? ती गेल्यावर कितीतरी वर्षांनी मुलानं ते केलं.

हे पुस्तक देताना मी एकच सांगते: आठवड्याला एकच अध्याय वाचा. कैद्यांना पुढचं प्रवचन ऐकायला रविवारची वाट बघावी लागायची, तुम्हीही बघा. स्पर्धा परीक्षेवाल्या त्या मुलीला हे फार जड गेलं, तिला दोन दिवसांत संपवायचं होतं. पण तिसऱ्या अध्यायावरचा कर्मयोग वाचून ती आठवडाभर त्यातच राहिली. निकाल आपल्या हातात नाही हे तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. पण यावेळी तिला ते चिडून नाही, निवांतपणे ऐकता आलं.

रागावलेल्या माणसांसाठी मुक्ताबाईचे ताटीचे अभंग. आमच्याकडे जमिनीच्या वाटण्यांवरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षं बोलत नाहीत, एकाच वाड्यात दोन चुली आणि मध्ये भिंत. अशा एका घरातल्या थोरल्या भावाला मी हे अभंग दिले होते. लोकांच्या बोलण्यानं दुखावलेले ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले आहेत आणि बाहेर उभी धाकटी बहीण म्हणते, 'विश्व रागें झालें वन्ही, संतें सुखें व्हावें पाणी.' मुक्ताबाई स्वतःशी बोलत नाही, भावाला समजावते, हे खरं. पण तिला तो अधिकार आहे. संन्याशाची पोर म्हणून तोच अपमान तिनंही गिळलेला आहे. आणि प्रत्येक अभंगाच्या शेवटी ती विनवणीच करते, ताटी उघडा ज्ञानेश्वरा. भिंत अजून तशीच आहे. मात्र दिवाळीला फराळाचं ताट पलीकडे जाऊ लागलंय.

"या सगळ्याला काही अर्थ आहे का," असं विचारणाऱ्याला मी व्हिक्टर फ्रँकल देते. मराठीत ते 'अर्थाच्या शोधात' या नावानं आहे. व्हिएन्नाचे हे मनोविकारतज्ज्ञ नाझींच्या छळछावण्यांतून वाचले. आई, वडील, भाऊ, पत्नी, यांपैकी कुणीच उरलं नाही. ऑशविट्झला नेलं तेव्हा कोटात लपवलेलं त्यांच्या ग्रंथाचं हस्तलिखितही गेलं. पुढे तापानं फणफणत असताना चिटोऱ्यांवर त्यांनी ते पुन्हा जुळवायला घेतलं. छावणीतले अनुभव 1946 साली पुस्तकरूपानं आले. फ्रँकल कुठेही म्हणत नाहीत की दुःख चांगलं असतं, किंवा तुम्ही ते ओढवून घेतलं. जे टाळता येण्यासारखं आहे ते टाळावं, असंच त्यांचं म्हणणं. टाळता येत नाही तिथे आपण कसं उभं राहायचं, एवढं मात्र शेवटपर्यंत आपल्या हाती उरतं. हे पुस्तक मी अगदी ताज्या दुःखात देत नाही. छावणीतली वर्णनं अंगावर येतात.

इथे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसचं नाव घ्यायला हवं, कारण वरवर पाहिलं तर तेही दोष दिल्यासारखंच वाटतं. घटनेपेक्षा त्या घटनेबद्दलचा आपला हट्टी समज आपल्याला अधिक छळतो, हा त्यांचा सिद्धांत. 1955 पासून त्यांनी त्यावर उपचारपद्धती उभी केली. डॉ. अंजली जोशी यांच्या 'मी अल्बर्ट एलिस' या कादंबरीतून हा माणूस मराठी वाचकांच्या चांगल्या ओळखीचा झाला आहे. फरक बारीक आहे, पण मोलाचा आहे. पूर तुम्ही आणला असं एलिस म्हणत नाहीत. पूर आला म्हणजे माझी किंमत संपली, असं जे तुम्ही स्वतःला सांगत बसता ते तपासून बघा, असं म्हणतात. कोट्यवधींच्या नुकसानीत हे पुरेसं पडत नाही. पण परीक्षेत नापास झालेल्या, लग्न मोडलेल्या कितीतरी पोरांना या एका विचारानं हात दिलेला मी पाहिला आहे.

पुस्तकं विकतच घ्यायला पाहिजेत असं नाही. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून या गावात उभं आहे. ग्रंथालयातल्या पुस्तकाची एक गोष्ट मला विशेष आवडते. 'गीता प्रवचने'च्या एका जुन्या प्रतीत मला तीन वेगवेगळ्या हातांच्या पेन्सिलीच्या खुणा दिसल्या होत्या. एकाच परिच्छेदाशी एकीनं सरळ रेघ ओढलेली, दुसऱ्यानं समासात नुसतं 'होय' लिहिलेलं, आणि पानांत एस.टी.चं फिकट झालेलं तिकीट. पुस्तकावर लिहू नये असं मी जन्मभर मुलांना शिकवलं. पण ते 'होय' खोडायचा माझा हात झाला नाही.

आता महत्त्वाचं. जी माणसं जेवत नाहीत, झोपत नाहीत, मरणाबद्दल बोलतात, त्यांच्या हातात मी पुस्तक देत नाही. त्यांना डॉक्टरकडे घेऊन जाते, शक्य असेल तर स्वतः सोबत जाते. 'टेलिमानस' ही सरकारी सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, फुकट, मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक मी माझ्याकडून जाणाऱ्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवते. पुस्तकांचा उपयोग डॉक्टरांनाही मान्य आहे. वेल्समधल्या कार्डिफला 2003 साली नील फ्रूड या मानसशास्त्रज्ञानं अशी योजनाच सुरू केली, की डॉक्टरनं चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहायचं आणि रुग्णानं ते सार्वजनिक ग्रंथालयातून न्यायचं. पण तीही सौम्य आणि मध्यम त्रासासाठी. आपल्याकडे अशी चिठ्ठी कुणी डॉक्टर लिहू लागला, तर मी त्याच्या दवाखान्याबाहेर पुस्तकं घेऊन बसायला तयार आहे.

एक गट मात्र कधीच पुस्तक मागत नाही. आजाऱ्याची सेवा करणारी माणसं. कर्करोगाच्या त्या बाईला भेटायला मी रुग्णालयात जायची तेव्हा शेजारच्या खाटेवर राधानगरीकडचा एक शेतकरी होता, आणि खाली चटईवर त्याची बायको. मी बहिणाबाईंची गाणी घेऊन बसले होते. तरुणपणीच वैधव्य आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई. 1951 साली त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी त्यांची गाणी पुस्तकात आली. 'नको नको रे जोतिषा, नको हात माझा पाहू, माझं दैव मले कळे, माझ्या दारी नको येऊ,' असं मी मोठ्यानं वाचलं, तशी ती चटईवरून उठून जवळ येऊन बसली. "ही बाई आमच्यातलीच दिसतीया," म्हणाली. मी पुस्तक पुढं केलं तर मान हलवली. वाचता येत नव्हतं, आणि वेळही नव्हता. थोड्या वेळानं आपणहून म्हणाली, "माझ्या आईची एक हाय. जात्यावरची." जात्याला ईसवरा म्हणून हाक मारून त्याच्याशीच आपल्या सासरचं सगळं बोलत जाणारी ती ओवी तिनं हळू आवाजात म्हटली. नवऱ्यानं खाटेवरून डोळे उघडले. मी पिशवीतून वही काढली आणि घाईघाईनं जेवढं आठवलं तेवढं उतरवून तिला वाचून दाखवलं.

"तसं न्हवं ओ बाई," ती म्हणाली. "मधलं गाळलासा. पयल्यापास्नं लिवा, मी सांगते."